पाचव्या पायरीचे दाजी

"कराचा दर वाढवायचा तर वाढवा गो," दाजी तळवटकर मला म्हणाले. "दुप्पट करा, माझी ना नाही. पण वरचा टप्पा आज जिथे सुरू होतो तिथेच राहू दे. तो आकडा हलवलात तर उद्या मी सभेत येणार नाही."

मी चहाचा पेला खाली ठेवला. पक्षाची प्रतोद म्हणून मला वर्षही झालं नव्हतं. आपल्या माणसांना मतदानाला वेळेवर आणून बसवायचं, रुसलेल्यांना समजवायचं, झोपलेल्यांना उठवायचं, असं ते काम. या कामात माणूस कशावरून अडून बसेल याचा नेम नसतो. पण स्वतःवरचा कर वाढवून मागणारा सभासद मी तोवर पाहिला नव्हता.

"दाजी, आकडा वर सरकला तर तुमचा कर कमी होईल," मी म्हटलं. "तुम्ही मधल्या टप्प्यात याल."

"तेच नको आहे."

"का?"

"का म्हणजे? नको म्हणजे नको."

एवढं बोलून ते समोरच्या बंदराकडे बघत बसले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगात परीटघडीचा सदरा, आवाज अजून खणखणीत. सप्तखाडीतली निम्मी मिठागरं त्यांची, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला राजकारणात आणलं ते त्यांनीच. बाकीचे "हिर्लेकर मास्तरांची पोर, तिला काय कळतंय" म्हणत असताना पहिलं तिकीट त्यांनी भांडून मिळवून दिलं होतं. त्यामुळे त्यांच्यावर ओरडायची मला सोय नव्हती. त्यांच्या बैठकीत पूर्वीपेक्षा खुर्च्या कमी झाल्या आहेत हे तेव्हा नजरेला पडलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांना मोकळी जागा लागते असं समजून मी ते सोडून दिलं.

आमच्या देशाची रीत माहीत नसेल त्याला हे सगळं चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडं सांगायला हवं. सप्तखाडीची महासभा भरते ती जुन्या मासळीच्या लिलावघरात. खाली मध्यभागी ओटा आणि समोर चढत्या पाच रुंद पायऱ्या; व्यापाऱ्यांना वरून मासळी नीट दिसावी म्हणून बांधलेल्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दुसरी मोठी इमारत नव्हती. मग पहिल्या सभेने प्राप्तिकर बसवला तेव्हा टप्पे पाचच केले. पायऱ्या पाच होत्या, एवढंच त्यामागचं अर्थशास्त्र. आणि नियम केला की एरवी कोणी कुठेही बसावं, पण कराचं विधेयक असेल त्या दिवशी सभासदाने आपापल्या टप्प्याच्या पायरीवर बसायचं. ज्यांना कर पडतच नाही ते पहिल्या पायरीवर, सगळ्यात जास्त भरणारे पाचव्या. मत आपल्याच पायरीवरून द्यायचं. दुसरीकडून दिलेलं धरायचं नाही. ज्याच्या खिशाला चाट बसणार त्याचा चेहरा मत देताना सगळ्यांना दिसावा, हा हेतू.

हेतू चांगला होता. पण माणसं शेवटी माणसंच. पाच-पंचवीस वर्षांत पाचवी पायरी म्हणजे मोठेपणा होऊन बसला. करदिवशी गॅलरीत बायकामाणसांची झुंबड उडे ती भाषणं ऐकायला नव्हे, कोण वर चढला आणि कोण खाली घसरला ते बघायला. सोयरिकी जुळवताना लोक "तिसऱ्या पायरीचं घर आहे" असं सरळ सांगत. मी स्वतः दुसरीवर बसायची, आणि माझी आई ते कोणाला कळू देत नसे.

त्या वर्षी अर्थमंत्री मनोहर खडपकरांनी हे पाच टप्पे मोडून तीन करायचं विधेयक आणलं. पहिल्याबरोबर दुसऱ्या टप्प्यालाही पूर्ण माफी, मधल्या दोघांचा एक टप्पा, आणि वरचा टप्पा जिथे सुरू व्हायचा तो आकडा एकदम तिप्पट. शेवटची गोष्ट व्यापारी आघाडीची अट होती. तिच्याशिवाय त्यांची मतं मिळणार नव्हती. मासळी विकणाऱ्या, होड्या रंगवणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या हजारो माणसांची करातून सुटका होणार होती. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की तीन टप्पे केले तर दोन पायऱ्या रिकाम्या पडतील आणि सभागृहाची शोभा जाईल. मी थट्टा करत नाही, हे सभेच्या कामकाजात छापलेलं आहे.

मतं अगदी बरोबरीची होती. दाजी आले तर एका मताने जिंकणार, नाही आले तर समसमान; आणि समसमान झालं की विधेयक पडतं.

खडपकरांना मी दाजींचं म्हणणं सांगितलं तेव्हा ते आधी हसले.

"म्हणजे म्हातारा जास्त कर मागतोय?"

"तसंच म्हणतायत."

"आजवर माझ्याकडे लोक माफी मागायला आलेत, हप्ते मागायला आलेत. हे नवीन आहे." मग चष्मा पुसत म्हणाले, "सुलभाताई, तो आकडा मी हलवू शकत नाही. व्यापारी आघाडी निघून जाईल. तुम्ही कसंही करा, पण दाजींना उद्या आणून बसवा. जन्मभर गरिबांचा कर कमी करा म्हणून ओरडलेला माणूस ऐनवेळी घरी बसला तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शेवटी श्रीमंत तो श्रीमंतच."

"मग तेच सांगा त्यांना."

मला तेच वाटत होतं, आणि त्याचा रागही येत होता. दाजींची भाषणं ऐकत मी मोठी झाले. पाचव्या पायरीवर उभे राहून ते म्हणायचे, "माझ्याकडून घ्या, हिच्याकडून घेऊ नका," आणि गॅलरीतल्या कुठल्या तरी कोळणीकडे बोट दाखवायचे. सभा चिडीचूप व्हायची. ज्याला द्यावं लागणार तोच द्या म्हणतोय, त्याला कोण उलट बोलणार? आता त्यांचीच मागणी पुरी व्हायची वेळ आली, तर यांनी अंग काढून घ्यावं! कुठल्या तरी हिशेबात यांचा फायदा असणार, मला तो दिसत नाही एवढंच, असं मी धरून चालले.

दिवेलागणीला त्यांची सून मालती माझ्याकडे आली. ती कधी कोणाकडे जात नसे. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, मामंजींना सांगू नका मी आले ते."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

"ते विधेयक उद्या पास होईल ना हो?"

"तुमचे मामंजी आले तर होईल."

"त्यांना आणा तुम्ही. पाया पडते तुमच्या."

"मालती, बस आधी. तुला कशाला एवढी काळजी? कर वाढला काय, कमी झाला काय, तुमच्या घराला काय फरक पडतो?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही वाईटसाईट बोलले होते. मग बसली.

"घराला?" ती म्हणाली. "ताई, मिठागरं कधीच गेली. खाडीचा बांध फुटला, त्या वर्षीच. खारं पाणी आत येतं ते जातच नाही, चिखल झालाय सगळा. एक पोतं मीठ निघत नाही."

"पण दाजी तर दरवर्षी पाचवीवर..."

"बसतात. कारण तेवढं उत्पन्न दाखवतात." तिचा आवाज शांत होता. पुष्कळदा मनातल्या मनात बोलून झालेलं बोलावं तशी ती बोलत होती. "लोक कर चुकवायला खोटं बोलतात. आमचे मामंजी कर भरायला खोटं बोलतात. हे बोटीवरून पगार पाठवतात तो त्यात जातो. माझ्या पाटल्या गेल्या, सासूबाईंचा चपलाहार गेला, बैठकीतल्या खुर्च्या गेल्या. यंदा माडाची वाडी विकायला काढायची म्हणतायत. माझ्या मुलीला, चित्राला, नर्सिंगला जायचंय, तिला सांगितलंय की मुलींनी एवढं शिकून काय करायचं. त्यांना खरंच तसं वाटतं असं नाही हो. फी कुठून आणणार?"

मला हसू आलं, खरं सांगते. आलं आणि घशातच राहिलं.

"कर-कचेरीला कळत नाही?"

"मी गेले होते की. म्हटलं, साहेब, आमच्या घरचं तपासा. तो म्हणाला, बाई, कमी दाखवणाऱ्यांना धरायला माणसं पुरत नाहीत, जास्त दाखवणाऱ्यांच्या मागे कुठे लागू?" ती उठली. "आता आकडा तिप्पट झाला की तेवढं खोटं त्यांना परवडायचं नाही. घर विकलं तरी नाही. म्हणून म्हणते, पास करा. आमची यातून सुटका दुसरं कोणी करणार नाही."

ती गेली. माझ्या हातात आता दाजींचं सगळं काही होतं. खडपकरांच्या कानावर एक शब्द घातला असता तर दाजी मुकाट्याने आले असते. पण तसं करायचं मनात येईना. ज्या माणसाने आपल्याला उभं केलं त्याला आपण वाकवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

सकाळी गाडी घेऊन गेले. दाजी तयार होऊन बसले होते, पण पायात चपला नव्हत्या. म्हणजे यायचं की नाही हे अजून ठरायचं होतं.

"सून येऊन गेली ना तुझ्याकडे?" त्यांनी पहिलंच विचारलं.

मी त्यांच्यासमोर बसले.

"काल घरी आली आणि वरणात दोनदा मीठ घातलं. एरवी तिचा हात चुकत नाही." ते थोडं हसले. "सगळं सांगितलं?"

"हो."

"मग विचार ना. मनातल्या मनात काय हसतेस?"

"हसत नाही, दाजी. कशासाठी केलंत हे एवढं?"

बंदरात एक बोट लागत होती, तिचे दोर बांधून होईपर्यंत ते थांबले.

"पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी बांध घालू, मीठ येईल. एका वर्षासाठी कशाला खाली उतरायचं? लोकांना माझ्याकडे मान वर करून बघायची सवय झालेली. मलाही झालेली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या वर्षी मात्र मी उतरायचं ठरवलं होतं. त्याच वर्षी होड्यांवरच्या कराच्या माफीचं विधेयक आलं, आठवतं? पहिल्या पायरीवरून तुमच्या त्या पांडू कुवेसकराने भाषण केलं. चांगलं केलं. माझ्यापेक्षा चांगलं. सभा काय म्हणाली? स्वतःसाठी मागतोय. मग मी वरून तेच बोललो, त्याचेच शब्द. सभा म्हणाली, वा, माणूस मोठा मनाचा. आणि माफी मिळाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गरिबाचं म्हणणं गरिबाने मांडलं तर ते ऐकत नाहीत गो. वरून कोणीतरी मांडावं लागतं. मी म्हटलं, कोणी नाही तर मी. तेवढ्यासाठी कर भरतोय असं समजायचं."

"आणि मालतीने काय समजायचं?"

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. "तिला मी कधी विचारलं नाही." मग चपला शोधायला लागले. "चल. पण मी माझ्या जागेवर बसणार. कोणी काही बोलायचं नाही."

"तुमच्या जागेवरच बसायचं आहे," मी म्हणाले. मला वाटलं, हा शेवटचा दिवस त्यांना वर बसू द्यावा, आपलं काय जातं.

सभागृह गच्च भरलं होतं. मी ओट्याच्या कडेला उभी राहून माणसं मोजत होते तेव्हा दाजी आत आले. चोपदार त्यांना वर न्यायला पुढे झाला. दाजींनी त्याला हाताने थांबवलं आणि ते पहिल्या पायरीवर, पांडू कुवेसकराच्या शेजारी, जाऊन बसले.

कुजबुज झाली. सभापती म्हणाले, "सन्माननीय सदस्य तळवटकर, आपली जागा वर आहे."

दाजी उठून उभे राहिले. "नाही, सभापती महाराज. माझी जागा हीच आहे. वर मी इतकी वर्षं उगीच बसलो. माझ्याकडे काही नाही. जे या पायरीवर बसतात त्यांच्यातलाच मी आहे, आणि तिथूनच मी आज मत देणार आहे."

यापेक्षा सरळ शब्दांत माणूस काय बोलणार? मला वाटलं, आता कोणीतरी हसेल, कोणीतरी नावं ठेवील, पन्नास वर्षांचं नाव क्षणात धुळीला मिळेल.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आधी गॅलरीतून, मग चौथ्या पायरीवरून, मग सगळीकडून. पाचव्या पायरीवर व्यापारी आघाडीचे काशिनाथशेठ उभे राहून टाळ्या वाजवत होते. विरोधी पक्षनेते उठले आणि भरल्या गळ्याने म्हणाले की लक्ष्मी घरात पाणी भरत असताना गरिबांच्या पायरीवर येऊन "मी तुमच्यातलाच" म्हणायला मोठं काळीज लागतं, पक्ष वेगळा असला तरी आम्ही या नम्रतेला वंदन करतो. खडपकर माझ्या कानाशी म्हणाले, "काय पण म्हातारा आहे! मला असं सुचलं नसतं."

दाजी उभेच होते. "अहो, मी खरंच सांगतोय," ते म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या.

सभापतींनी डोळे पुसले आणि घंटा वाजवली. "सदस्यांच्या भावनेपुढे सभागृह नतमस्तक आहे. पण नियम तो नियम. कर-कचेरीच्या नोंदीप्रमाणे आपली पायरी पाचवी. इथून दिलेलं मत मला धरता येणार नाही."

आता मात्र माझं काम मलाच करावं लागणार होतं. मी दाजींपाशी जाऊन खाली वाकले.

"दाजी, वर चला. नाहीतर पडेल विधेयक."

"मी खरं बोललो गो."

"मी ऐकलं."

"तू ऐकलंस. आणि यांनी?"

आयुष्यात एकदा खरं बोलायला म्हणून तो माणूस खाली आला होता, आणि त्याला परत खोट्यावर नेऊन बसवायला मी आले होते. मला रडू येत होतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," ते म्हणाले. "पाडायचं नाही ते. ने मला वर."

आम्ही चढलो. ते प्रत्येक पायरीवर थांबत होते आणि तिथले लोक उठून वाट देत होते, कोणी पायाला हात लावत होतं. पाचव्या पायरीवर काशिनाथशेठनी स्वतः सरकून जागा केली. मत मागितलं गेलं तेव्हा दाजींनी "होकार" एवढंच म्हटलं, आणि एका मताने विधेयक मंजूर झालं. गॅलरीत मालती कठड्याला धरून उभी होती. तिथे टाळी न वाजवणारी ती एकटीच होती. तिचा चेहरा पदरात होता.

त्या दिवसाच्या भरात सभेने आणखी एक ठराव एकमताने केला. तळवटकरांच्या आदर्शाला मान म्हणून यापुढे करदिवशी चर्चा चालू असताना कोणाही सभासदाला पहिल्या पायरीवर बसायची मुभा. मत देण्यापुरतं आपल्या जागी जावं.

पुढच्या वर्षी करदिवशी मी दाजींबरोबरच आत गेले. बांध फुटल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कचेरीला खरं उत्पन्न कळवलं होतं. चोपदाराने पुकारलं, "दाजी तळवटकर, पहिली पायरी." सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

पण पहिल्या पायरीवर बसायला जागा नव्हती. काशिनाथशेठ तिथे होते, त्यांचे दोन भागीदार होते, बोटींच्या कंपनीचे मालक होते, खडपकरही होते. सगळे साधे सुती सदरे घालून, मांडीला मांडी लावून बसलेले. पांडू कुवेसकर भिंतीशी उभा होता.

"जरा सरकता का, शेठ?" दाजी म्हणाले. "माझी पायरी ही आहे. नोंदच आहे तशी."

काशिनाथशेठ हसत सुटले. त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. "बघितलंत? आपण नुसते येऊन बसलो, दाजींनी कचेरीलासुद्धा पटवलं! यांची बरोबरी आपल्याला जमायची नाही." आणि त्यांनी मोठ्या अदबीने चार बोटं जागा करून दिली.

दाजींनी ती घेतली नाही. ते भिंतीशी पांडूच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पांडूने विचारलं, "दाजी, तुम्ही कशाला उभे? तुम्हाला दिली ना जागा त्यांनी."

"दिली," दाजी म्हणाले. "पण मला ओळखून नाही दिली."

पांडूने त्यांच्याकडे नीट पाहिलं, सदऱ्याच्या उसवलेल्या काखेकडे पाहिलं, आणि मग दुसरं काही न विचारता आपल्या पिशवीतली शिदोरी काढून त्यांच्यापुढे धरली. निम्मी भाकरी होती. दाजींनी ती घेतली आणि तिथेच, सभा चालू असताना, उभ्याने खाल्ली.